अर्धापूरचे वाचनालय कुणाच्या अंदाजपत्रकात?

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की गावाला बरे वाटते. मुख्याधिकारी येतात, प्रभाग पडतात, निधीची लेखाशीर्षे बदलतात, घरपट्टीही वाढते. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे, केळी आणि हळदीच्या पट्ट्यातले अर्धापूर या वाटेने गेले आहे. या बढतीत एक गोष्ट मात्र गळून पडते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांची अकरावी अनुसूची जोडली. तिच्यातला विसावा विषय ग्रंथालये हा आहे. त्याच वेळच्या 74 व्या दुरुस्तीने शहरांसाठी 18 विषयांची बारावी अनुसूची आणली. तिच्यात उद्याने आहेत, स्मशानभूमी आहेत, कोंडवाडे आहेत, कत्तलखाने आहेत, बसथांबेही आहेत. ग्रंथालय नाही. सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना चालना देण्याचा एक मोघम विषय आहे, त्यात कुणी ते बसवू म्हटले तर बसेल. राज्याच्या 1965 च्या नगरपरिषद कायद्यातही वाचनालय ऐच्छिक कामांत मोडते. दिवाबत्ती केलीच पाहिजे, झाडलोट केलीच पाहिजे. वाचनालय मात्र मनात आले तर.

वाचनालयाने लोकांसाठी काय काय करावे, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. बालवाचक मेळावे घ्या, लेखक आपल्या भेटीला बोलवा, महिलांसाठी वाचनकट्टा करा. या सूचना चांगल्याच आहेत. पण दार कोण उघडणार, किती तास उघडे ठेवणार आणि त्या माणसाचा पगार कुठून येणार, हे ठरल्याशिवाय त्यांना काही अर्थ नाही. अर्धापूरसारख्या गावात हा पगार गावाने, म्हणजे नगरपंचायतीने, आपल्या अंदाजपत्रकातून उचलला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आज व्यवस्था कशी आहे ते आधी पाहू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्याने ग्रंथालय ही सरकारची किंवा नगरपालिकेची जबाबदारी केली नाही. गावातल्या लोकांनी संस्था नोंदवायची, जागा पाहायची, पुस्तके जमवायची, मग शासन तिला अ, ब, क, ड असा दर्जा देणार आणि मान्य खर्चाच्या 90 टक्के, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेत, अनुदान देणार. अशी अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये राज्यात आहेत. ही रचना कुठून आली हे समजायला सोपे आहे. रत्नागिरीला 1828 मध्ये, नाशिकला 1840 मध्ये, पुण्याला 1848 मध्ये, कोल्हापूरला 1850 मध्ये, ठाण्याला 1893 मध्ये लोकांनी स्वतःहून ग्रंथालये उभी केली होती. वकील, शिक्षक, सरकारी नोकर, व्यापारी असा वर्गणी देणारा वर्ग तिथे होता, इमारती होत्या, दुर्मीळ ग्रंथांची कपाटे होती. अशा संस्थांना सरकारने मागून टेकू द्यावा, ही कल्पना तिथे चपखल बसली.

मराठवाड्याचे तसे नव्हते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. राज्यकारभाराची भाषा उर्दू, 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून. 'गश्ती निशाण 53' या फर्मानाखाली जाहीर सभेला सरकारी परवानगी लागे. चार मराठी माणसे वर्तमानपत्र वाचायला एका खोलीत नेमाने बसू लागली, की पोलिसांचे लक्ष तिकडे वळे. तरीही माणसांनी हिंमत केली. हैदराबादेत 1922 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, गावोगावी लहान वाचनालये निघाली, पुढच्या मुक्तिलढ्यातले कितीतरी कार्यकर्ते त्यांच्या चटयांवर बसूनच शहाणे झाले. पण इमारत, ठेव आणि शंभर वर्षांची सभासदांची यादी हे भांडवल आपल्याकडे साठू शकले नाही. असे असताना 1967 मध्ये पुण्याला आणि अर्धापूरला एकाच मापाचा कायदा लागला. जिथे संस्था होत्या तिथे पैसा गेला, जिथे नव्हत्या तिथे अनुदानाच्या आशेने संस्था निघाल्या. 2012 मध्ये राज्यभर पडताळणी झाली तेव्हा कागदावरची कितीतरी वाचनालये उघडी पडली, आणि त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षे थांबली. बोगसांची शिक्षा खऱ्यांनाही भोगावी लागली.

आपल्याच मुलखाला एकदा वेगळी वाट मिळत होती, हे फारसे कुणाला आठवत नाही. हैदराबाद राज्याने 1955 मध्ये स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला होता. स्थानिक करातून ग्रंथालय चालवायचे, ही मद्रासच्या 1948 च्या कायद्याची कल्पना त्यात होती. पुढच्याच वर्षी राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगणाचा भाग आंध्रात गेला आणि तिथे 1960 च्या कायद्याने ही कल्पना टिकली. आजही भोकरहून भैंशाला गेलात किंवा धर्माबादहून बासरला, तर तिथल्या घरपट्टीत रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकराचे असतात आणि जिल्हा ग्रंथालय संस्था त्यातून ग्रंथालये चालवते. तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. हैदराबादच्या महापालिकेने वसूल केलेला उपकर ग्रंथालयांना वेळेवर न दिल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. पण तक्रार करायला तिथे हक्काचा पैसा आहे. थकबाकी मागता येते ती देणे लागत असेल तरच. अर्धापूरचा नागरिक घरपट्टी भरतो तेव्हा त्यातला एकही पैसा वाचनालयाला देणे लागत नाही.

आता आपल्याकडचा हिशेब. नोव्हेंबर 2022 मध्ये शासनाने अनुदानात 60 टक्के वाढ केली, त्याबद्दल सत्कारही झाले. त्या वाढीने सर्वांत खालच्या, 'ड' दर्जाच्या वाचनालयाचे वर्षाचे अनुदान 30,000 वरून 48,000 रुपयांवर गेले. यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे 24,000 रुपये वर्षाला, महिन्याला 2,000. अर्धापूरच्या शिवारात केळीचे घड उतरवणाऱ्या मजुराला हे पैसे आठवडाभरात मिळतात. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे. असे 2,000 रुपये घेणारा ग्रंथपाल वाचनालय उघडतो, पेपर लावतो, नोंदवहीत सह्या घेतो आणि दुपारी विम्याच्या कामाला किंवा शेतावर जातो. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींची मागणी पिढ्यान् पिढ्या तशीच पडून आहे, आणि तरीही ही माणसे दार उघडतात हेच विशेष.

या पार्श्वभूमीवर 'उपक्रम' कसे होतात ते पाहा. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, अधूनमधून एखादी जयंती. टेबलावर फोटो, फोटोला हार, मागे फ्लेक्स, समोर शाळेतून आणून बसवलेली मुले. फोटो काढला, अहवालाला जोडला, संपले. ज्या व्यवस्थेत अहवालातल्या नोंदीवर अनुदान टिकते आणि माणसाच्या वेळेला किंमत नाही, तिथे दुसरे काय होणार? गावाच्या जगण्याशी संबंध असलेले काम वर्षभर, रोज थोडे थोडे करावे लागते, आणि ते हारतुऱ्यासारखे फोटोत मावत नाही.

गावाचे जगणे म्हणजे काय? अर्धापूरच्या केळीचे नाव उत्तरेच्या बाजारापर्यंत आहे. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी आले तसा या पट्ट्यात केळी, ऊस, हळद असा पैसा देणारा आणि तितकाच जोखमीचा पीकफेर आला. केळीवर करपा येतो, मोझॅक विषाणूने पाने पिवळी पडून बागच्या बाग उपटावी लागते, हिवाळ्यात थंडीने वाढ थांबते, उन्हाळी वादळात उभी झाडे आडवी होतात. हळदीला कंदकूज. अशा वेळी शेतकरी विचारतो कुणाला? बहुतेकदा औषध विकणाऱ्या दुकानदाराला. तो वाईट माणूस असतो असे नाही, उधारीवर माल देणारा तोच असतो. पण त्याच्या सल्ल्याच्या शेवटी एक बाटली असतेच. दुसरा सल्लागार मोबाइल, तिथे दहा जण दहा गोष्टी सांगतात आणि त्यातले निम्मे काहीतरी विकत असतात. नांदेडला केळी संशोधन केंद्र आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ दरवर्षी कृषी दैनंदिनी काढते, 'शेतीभाती' मासिक काढते. अर्धापूरपासून हे सगळे हाकेच्या अंतरावर, आणि तरी दाभडच्या किंवा लोणीच्या शेतकऱ्यासमोर ते शांतपणे उलगडून ठेवणारी खोली गावात नाही.

वाचनालय ती खोली होऊ शकते. शाळेत प्रवेशाची वयोमर्यादा आहे, देवळाला आणि मशिदीला आपापले भाविक आहेत, पक्षाच्या कार्यालयात निष्ठा लागते, दुकानात पैसा लागतो. जिथे कुणालाही येऊन बसता येते आणि समोरच्याला तुम्हाला काही विकायचे नसते, अशी जागा तालुक्याच्या गावात दुसरी कुठे आहे? ई-पीक पाहणी, पीक विमा, फार्मर आयडी, शिष्यवृत्ती, एकामागून एक सगळे ऑनलाइन गेले. लोक ऑनलाइन सेंटरवर रांगा लावतात, एकेका अर्जाला पन्नास-शंभर रुपये मोजतात आणि काय भरले गेले हे न कळता पावती घेऊन घरी जातात. नाव चुकते, गट नंबर चुकतो, सहा महिन्यांनी पैसे न आल्यावर कळते. वाचनालयातल्या एका संगणकावर, एका जाणत्या माणसाने शेजारी बसून "काका, हे आधी वाचा, मग बटण दाबू" म्हणणे, ही वाचनाचीच सेवा आहे. ज्याला स्वतःचा अर्ज वाचता येत नाही त्याला कादंबरी वाचायला सांगण्यात अर्थ नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यात वाचनाची एक मोठी भूक उसळली, आणि ग्रंथालयांना तिचा पत्ताही लागला नाही. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागदांत मराठा घरांच्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा शासन निर्णय आला. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, या घटनेने काय घडवले ते पाहा. ज्या घरांत तीन पिढ्या कुणी जुना कागद उलगडला नव्हता, तिथल्या पोरांनी ट्रंका उपसल्या. खासरा पत्रक, वंशावळ, शाळेचा जुना दाखला. आणि कागद हातात आल्यावर कळले की तो वाचता येत नाही. काही मोडीत, काही उर्दूत. मग मोडी जाणणाऱ्याचा शोध, त्याची फी, तहसीलच्या चकरा. आजोबांच्या नावाचा कागद नातवाने परक्या माणसाला पैसे देऊन वाचून घ्यायचा, ही वेळ एका अख्ख्या प्रदेशावर आली.

अर्धापूरसारख्या गावातल्या वाचनालयाने आठवड्यातून दोन संध्याकाळी मोडी आणि उर्दू लिपीचे वर्ग चालवले असते तर? मोडी शिकवायला बाहेरून कुणाला आणावे लागले असते. पण उर्दू शिकवायला नाही. या गावात उर्दू वाचणारी घरे भरपूर आहेत, आणि निजामी अमलातले कागद सराईतपणे वाचू शकतील असे वडीलधारे अजून हयात आहेत. त्यांनी मराठा, धनगर, मातंग घरांतल्या पोरांना आलिफ-बे शिकवावे, आणि मग त्याच टेबलावर दोघांनी मिळून एक जुना खासरा लावावा, यापेक्षा मोलाचा सलोख्याचा कार्यक्रम मला तरी सुचत नाही. शांतता समितीच्या बैठका सणाच्या तोंडावर होतात. ही बैठक वर्षभर चालेल आणि दोघांनाही तिची गरज असेल. शिवाय ही माणसे फार वर्षे राहणार नाहीत. वाचनालयात उर्दू वर्तमानपत्र आणि उर्दू पुस्तकांचे एक कपाट असणे, हे या गावात उपकार म्हणून करायचे काम नाही. निम्म्या मराठवाड्याचा इतिहास त्या लिपीत आहे, तो सगळ्यांचाच आहे.

पण आज त्या टेबलावर कोण बसले आहे? मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात डोकावा: पाण्याच्या बाटल्या, जाडजूड मार्गदर्शके, कानांत बोळे, भिंतीवर 'शांतता राखा'. तलाठी भरती, पोलीस भरती, राज्यसेवा. वाचनालयाची अभ्यासिका झाली आहे. मी या मुलांच्या विरोधात नाही. दोन खोल्यांच्या घरातून आलेल्या पोराला दिवसाचे दहा तास उजेड, पंखा आणि शांतता मिळते ही मोठी सेवा आहे. पुण्याला जाऊन खोली-मेसचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी तर ती जीवनरेखाच. पण अभ्यासिकेला पुस्तक लागत नाही, ग्रंथपालही लागत नाही, फक्त खुर्ची लागते. आणि एकदा सगळ्या खुर्च्या तिने घेतल्या की आठ वर्षांचे पोर मोठ्याने गोष्ट वाचू शकत नाही, म्हातारा माणूस पेपरातल्या बातमीवर वाद घालू शकत नाही, आणि संध्याकाळी पुरुषांनी गच्च भरलेल्या खोलीत मुलगी पाऊल टाकत नाही. जागा वाढवा, वेळा वाटून द्या, मुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था करा, पण अभ्यासिका म्हणजेच वाचनालय हे समीकरण मान्य करू नका. अर्धापूरपासून जवळच, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि अख्ख्या महाराष्ट्राने त्यांना ऐकले. त्यांना घडवले ते अभ्यासक्रमाबाहेरच्या अफाट वाचनाने. आजच्या अभ्यासिकेत त्यांना बहुधा जागा मिळाली नसती; ते बोलत फार.

ग्रंथपालाचा पगार नगरपंचायतीने उचलावा, यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. नगरपंचायतीचा पैसा आला की नगरसेवक येतील, ग्रंथपाल कुणाचा तरी भाचा असेल, पुस्तक खरेदीत टक्केवारी येईल. संस्थेचे कार्यकर्ते आहेत तसेच बरे. ही भीती अनुभवातून आलेली आहे. पण लोकांची संस्था आणि सार्वजनिक पैसा एकत्र नांदू शकत नाहीत हे खरे नाही. केरळात गावोगावची वाचनालये लोकांच्या संस्थाच आहेत, पी. एन. पणिक्कर यांनी 1945 पासून बांधलेल्या चळवळीतल्या. 1989 च्या कायद्याने त्यांना ग्रंथालय उपकराचा पैसा मिळतो आणि तो वाटणारी परिषद वाचनालयांच्या प्रतिनिधींतून निवडून येते. देगलूर-उदगीरच्या पलीकडे कर्नाटकाने 2019 मध्ये ग्रामपंचायतींची ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे घेतली, 2020 मध्ये 'ओदुव बेळकु' (वाचनाचा उजेड) मोहिमेत मुलांना मोफत सभासद करून घेतले.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा बडोद्याचा महाराजा झाला आणि त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. 1910 मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, खेड्यांना फिरत्या ग्रंथपेट्या पाठवल्या. त्यांची खरी हुशारी मला पैशाच्या वाटणीत दिसते. ज्या गावाला ग्रंथालय हवे त्याने खर्चाचा एक तृतीयांश उचलायचा, एक तृतीयांश प्रांताच्या पंचायतीने, एक तृतीयांश सरकारने. गावाने पैसा घातला म्हणून गाव लक्ष ठेवत होते, सरकारने घातला म्हणून ते बंद पडत नव्हते. 1967 च्या आपल्या कायद्यात संस्था आहे, सरकार आहे. मधला, गावाच्या सत्तेचा, हिस्साच नाही.

पैसा नाही, असे नगरपंचायत म्हणेल. एका ग्रंथपालाला महिना 15,000 रुपये दिले तर वर्षाचे 1,80,000 होतात. एका गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायला याहून कमी लागत नाहीत. अडचण पैशापेक्षा पैशाच्या जातीची आहे. इमारतीला निधी मिळतो, कमानीला मिळतो, नामफलकाला मिळतो; त्या इमारतीत रोज बसणाऱ्या माणसाला मिळत नाही, कारण पगाराचे उद्घाटन करता येत नाही. म्हणून 'सुसज्ज ग्रंथालय इमारत' ही मागणी पुढाऱ्यांकडे करणे आधी थांबवले पाहिजे. भाड्याच्या दोन खोल्या चालतील. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेने तर इमारतीशिवाय, शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्यांवर देशोदेशी वाचक मिळवले.

नगरपंचायतीचे अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सभेपुढे येते. अर्धापूरच्या वाचकांनी, अभ्यासिकेतल्या मुलांनी आणि केळी बागायतदारांनी मिळून त्याआधी मुख्याधिकाऱ्यांकडे एक लेखी निवेदन द्यावे. त्यात मागणी एकच असावी: गावातल्या मान्यताप्राप्त वाचनालयाशी करार करून एका पूर्णवेळ ग्रंथपालाचे वेतन, अट अशी की दार रोज आठ तास उघडे राहील, त्यातली संध्याकाळची वेळ मुलांची आणि बायकांची असेल, आणि महिन्याला कोण आले, काय विचारून गेले, याची नोंद नगरपंचायतीच्या फलकावर लागेल. विषय ऐच्छिक आहे असे उत्तर येईल. मग तो सभेपुढे मतदानाला टाकायला सांगावे, आणि कोणत्या प्रभागाच्या सदस्याने कोणत्या बाजूने हात वर केला ते इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्यावे.